सरकारकडून पैसे येत नाहीत म्हणून रुग्णालय योजनेत घेत नाही, हे खरं असतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयाच्या दारात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा बोर्ड आहे, तरी काउंटरवरचा माणूस म्हणाला, "वरून पैसेच येत नाहीत, आम्ही सध्या योजनेत घेत नाही." हे खरं की बहाणा, असं तुम्ही विचारलंय.

थोडं खरं, थोडा बहाणा. मी चार वर्षं एका खासगी रुग्णालयात सरकारी योजनेचे क्लेम, म्हणजे उपचाराचे पैसे मागणारे अर्ज, भरायचं काम केलं. गाव कोणतं, योजना कोणती, ते राहू दे.

आधी पैसा कसा फिरतो ते बघा. पेशंट आला की आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, नोंद करतो, रुग्णालय रिपोर्ट चढवून प्रिऑथ म्हणजे पूर्वमंजुरी मागतं. ऑपरेशन होतं, पेशंट घरी जातो, मग क्लेम जातो. पण प्लेट-स्क्रूवाला, औषधाचा होलसेलर, भूलतज्ज्ञ आणि महिन्याच्या १ तारखेला पगाराची वाट बघणाऱ्या सिस्टर्स, यांना क्लेम पास झाला की अडकला याच्याशी काही देणंघेणं नसतं. केंद्राची आयुष्मान भारत योजना आपल्याकडे फुले योजनेसोबतच चालते, तिच्या नियमात राज्यातल्या राज्यात १५ दिवसांत क्लेम निकाली काढायचा असं लिहिलेलं आहे. तेवढ्यात पैसे आले तर कोणाची तक्रार नसती. मोठं ट्रस्टचं रुग्णालय रोख भरणाऱ्या पेशंटवर चार महिने तग धरतं. तालुक्याच्या गावी डॉक्टर नवरा-बायकोनं कर्ज काढून उभारलेलं २० खाटांचं रुग्णालय कसं धरणार?

हे इथलंच रडगाणं आहे असंही नाही. हरियाणात ७ ऑगस्ट २०२५ पासून इंडियन मेडिकल असोसिएशनच्या हाकेवरून शेकडो खासगी रुग्णालयांनी आयुष्मानचे पेशंट घेणं थांबवलं होतं. थकबाकी सुमारे ५०० कोटी, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता दुसरी बाजू. क्लेम तपासणारे उगाच खडूस नसतात. २०२३ मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा, आयुष्मान भारतवरचा अहवाल आला. त्यात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल नंबरला जोडलेले सापडले. आधी मयत दाखवलेल्या माणसांवर पुन्हा उपचार झाल्याच्या नोंदी निघाल्या, आणि त्यांचे पैसेही दिले गेले होते. असं निघाल्यावर तपासणारा प्रत्येक कागद उलटून बघणारच. फक्त त्यात सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आमच्याकडचं एक सांगतो, तुमच्या वडिलांसारखंच. सत्तरीच्या आजी, खुब्याचा गोळा बदलला, सातव्या दिवशी वॉकर धरून चालत घरी गेल्या. क्लेम टाकला आणि क्वेरी, म्हणजे तपासणाऱ्याची शंका, आली: ऑपरेशननंतरच्या एक्सरेवर तारीख नाही. फिल्म तर आजींच्या घरी! मुलाला फोन केला. त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरून फोटो पाठवला. त्यात गोळा दिसत होता, मागचा गोठा दिसत होता, तारीख तेवढी नव्हतीच. मग एक्सरेवाल्याकडून दुसरी प्रिंट काढली. तोवर दुसरी क्वेरी, इम्प्लांटचा (आत बसवलेल्या गोळ्याचा) स्टिकर कुठे? तो छोटा बारकोडवाला स्टिकर केसपेपरवर चिकटवायचा असतो. आमच्या सिस्टरनं तो ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरला चिकटवला होता, बिचारीनं अगदी सरळ, नीट. तो सापडेपर्यंत उत्तराची मुदत टळली आणि क्लेम नामंजूर झाला. अपील करून पैसे मिळाले, तेही कापून. चूक आमचीच होती. पण आजी चालत गेल्या हे कोणीच नाकारत नव्हतं. त्या वर्षी माझ्या पगारवाढीचा विषय निघाला नाही.

माझं मत विचाराल तर, निम्मी भांडणं पैशांची नसतातच, अशा स्टिकरांची असतात. उरलेली दराची. गोळ्याची किंमत वाढते, पॅकेजचा, म्हणजे ऑपरेशनसाठी योजनेत ठरलेल्या रकमेचा, आकडा वर्षानुवर्षं तिथेच. मग काही रुग्णालयं सोपी वाट धरतात. बोर्ड तसाच ठेवायचा, परवडणारी केस योजनेत घ्यायची आणि न परवडणाऱ्याला "पैसे येत नाहीत" सांगायचं. त्याहून वाईट म्हणजे योजनेतही घ्यायचं आणि वरून "गोळा चांगल्या कंपनीचा टाकू" म्हणून हातात चिठ्ठी द्यायची. हा सरळ गुन्हा समजा. पॅकेजमध्ये इम्प्लांट, जेवण, डिस्चार्जनंतरचे १० दिवसांचे औषधोपचार, सगळं धरलेलं असतं. रुग्णालयाची थकबाकी हा त्यांचा आणि सरकारचा हिशेब. तो तुमच्या वडिलांच्या खाटेशी मिटवायचा नाही.

म्हणून काउंटरवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. आवारात आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे जा आणि दोनच गोष्टी विचारा. हे रुग्णालय हाडांच्या उपचारासाठी अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेलं, आहे का, आणि हे ऑपरेशन सरकारी रुग्णालयासाठी राखीव तर नाही ना. काही उपचार तसे राखीव आहेत. तसं असेल तर नकार खरा आहे, मग जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा. तसं नसेल तर नकाराचं कारण लेखी मागा. लेखी म्हटल्याबरोबर बऱ्याचदा खाट रिकामी होते, हे मी आतल्या बाजूनं पाहिलंय. नाहीच झाली तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

खुब्याला फार थांबता येत नाही. त्या वयात पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो. कागद कमी असतील तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागून देता येतात. डिपॉझिट भरलं असेल तर पावती जपून ठेवा. पावती देत नसतील तर तिथूनच फोन लावा, त्यांच्या समोर उभं राहून. आणि एक्सरेच्या फिल्मवर वडिलांचं नाव आणि तारीख आहे का, तेवढं आजच बघून घ्या.