वाचक विचारतात : एका कांडीच्या रेंजवर उघडणारं पान

प्रश्न : ताई, मे 2021 मधल्या तौक्ते वादळात आमच्याकडे वीज नव्हती आणि मोबाइलला रेंजची एकच कांडी होती. बीबीसीच्या साइटवर बातमीचा मजकूर दिसला, फोटोंच्या जागा रिकाम्या राहिल्या. बाकीच्या साइट नुसत्या गोल फिरत होत्या. असं का? आणि एकाच वेळी एवढे लोक तुटून पडले तरी अशी साइट चालू कशी राहते?
– एक शिक्षिका, देवगड

उत्तर : बाई, आधी मजकूर आणि मागून फोटो हे तिथल्या इंजिनिअरांनी ठरवून केलेलं आहे, आणि त्याला बराच इतिहास आहे.

बीबीसी न्यूजची साइट नोव्हेंबर 1997 मध्ये सुरू झाली. पत्रकाराने बातमी सोडली की त्यांची यंत्रणा त्याच क्षणी पूर्ण पान बनवून साध्या एचटीएमएल फाइलच्या (ब्राउझर थेट दाखवू शकतो अशा मजकूर-फाइलच्या) रूपात सर्व्हरवर, म्हणजे वाचकांना पानं पुरवणाऱ्या संगणकावर, ठेवायची. खानावळीत ताटं आधीच वाढून ठेवावीत, तसं. वाचक आला की फाइल उचलून द्यायची, डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या साठ्याला, काही विचारायचं नाही. त्यामुळे मोजक्या सर्व्हरवर प्रचंड गर्दी निभावायची. शिवाय फोनच्या तारेवरून संथ इंटरनेट वापरणाऱ्या मोडेमवाल्यांसाठी बातमीची 'लो ग्राफिक्स' प्रतही असे. त्याच काळात बीबीसी एज्युकेशनने 'बेट्सी' नावाचा प्रोग्राम पर्ल या संगणकभाषेत केला. तो पानातली चित्रं आणि तक्ते बाजूला काढून मजकूर सलग मांडायचा, म्हणजे अंध वाचकाचा संगणक तो नीट वाचून दाखवू शके. हा प्रोग्राम मला फार मोलाचा वाटतो. माझी सगळी नोकरी रेडिओ प्रक्षेपणात गेली. वीज गेली की जनरेटर लावायचा आणि शक्ती कमी करावी लागली तरी आवाज तुटू द्यायचा नाही, हेच आम्ही शिकलो. बेट्सी लिहिणाऱ्यांनाही ते कळलेलं होतं.

पण आधी बनवून ठेवलेली पानं एका मर्यादेपर्यंतच पुरतात. डिसेंबर 2007 मध्ये आयप्लेअर, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणारी सेवा, आला आणि प्रत्येक कार्यक्रमाचं, प्रत्येक भागाचं पान हवं झालं. मग 'फोर्ज' नावाची यंत्रणा उभी राहिली : खाली जावा या संगणकभाषेतल्या, माहिती पुरवणाऱ्या सेवा, वर पीएचपी या दुसऱ्या भाषेत बनणारी पानं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकला एका वेळी 24 थेट प्रक्षेपणं दाखवायची होती आणि दहा हजारांवर खेळाडूंची पानं हवी होती. ती हाताने कोण करणार? बातमीला खेळाडूची, खेळाची, देशाची खूण लावायची आणि पानं आपोआप जुळायची, असं त्यांनी केलं.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळची गोष्टही 2012 मधलीच. बीबीसी न्यूजच्या चमूने प्रत्येक फोनला आधी मजकुराचं साधं पान द्यायचं ठरवलं. ब्राउझरला तीन नेमक्या गोष्टी येतात का, हे ते पान स्वतः तपासे. येत असतील तरच फोटो, सरकपट्ट्या, बाकीची सजावट मागून यायची. जुना फोन असला तरी बातमी मिळायचीच. देवगडला तुम्हाला दिसलं ते याच विचाराचं फळ.

आता गर्दीचं. 2019 मध्ये लंडन ब्रिजवर हल्ला झाला तेव्हा बीबीसीच्या साइटवरची रहदारी एका मिनिटात तिप्पट झाली. भाड्याच्या क्लाउडमध्येही, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटवरून वापरायच्या संगणकांवरही, नवा सर्व्हर उभा राहायला काही मिनिटं लागतात, तोवर वाचक निघून गेलेला असतो. म्हणून त्यांनी पानं बनवण्याचं बरंचसं काम सर्व्हरऐवजी छोट्या, मागणीनुसार क्षणात सुरू होणाऱ्या प्रोग्रामांवर, म्हणजे फंक्शनांवर, टाकलं. 2020 पर्यंत साइट क्लाउडवर गेली होती आणि अशी सुमारे दोन हजार फंक्शनं दर सेकंदाला चालत होती. शिवाय नुकतंच बनलेलं पान थोडा वेळ जपून ठेवून पुढच्या हजारोंना तेच देतात. म्हणजे 1997 ची युक्ती अजून कामावर आहे.

प्रश्न : मी कॉलेजात शिकतो. दाभोळ–धोपावे फेरीच्या वेळा आणि वादळाचे इशारे देणारी छोटी वेबसाइट करायची आहे. कशात करू?
– एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर : साध्या एचटीएमएलमध्ये कर, बाळा. डेटाबेस नको. वेळा बदलल्या की फाइल नव्याने बनवून चढव. इशारा मात्र मजकुरातच लिही. आपल्याकडे महत्त्वाची सूचना कागदावर छापून, तिचा फोटो काढून टाकतात. तो फोटो एका कांडीवर उतरत नाही आणि अंध माणसाच्या फोनला वाचताही येत नाही. पहिलं पान 50 केबीच्या आत ठेव, वर 'शेवटचा बदल' म्हणून तारीख आणि वेळ घाल, आणि जेटीवर उभं राहून घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर उघडून बघ.