‘भिऊ नका’ हे वचन मी कुठल्या तोंडानं वाचू?

वाचकांचे प्रश्न : नाताळ विशेष

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सोलापूरचे. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत, म्हणजे होते म्हणा, दिवाळीपासून निम्मे लूम बंद आहेत आणि ह्यांना आठवड्यातनं कधीतरीच बोलावणं येतं. मी घरी युनिफॉर्मच्या शर्टांना काज-बटण करते त्यावर कसंबसं चाललंय, पोराची बारावीची फी थकलीये. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) २४ तारखेच्या रात्रीच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायला यंदा माझं नाव आहे, लूक २ (बायबलातल्या लूकच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय), देवदूत मेंढपाळांना येशूजन्माची बातमी देतो तो. आता रात्र-रात्र माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही आणि मी माइकसमोर उभं राहून ‘भिऊ नका’ वाचायचं? बायबल उघडते पण एक ओळ मनात शिरत नाही. माझा विश्वास संपला का? पाळकांना नाही म्हणून कळवू का?
(एक भगिनी, सोलापूर)

उत्तर : ताई, नाही म्हणून अजिबात कळवू नका, तुम्हीच वाचा.

तुमचाच पाठ काढा आणि देवदूत बोलायच्या आधीची ओळ बघा, लूक २:९. मेंढपाळ फार घाबरले होते असं तिथं सरळ लिहिलंय. आदल्या अध्यायात जखऱ्या याजक घाबरला तेव्हा त्याला ‘भिऊ नको’ हेच सांगितलं, येशूची आई मरीया गोंधळली तेव्हा तिलाही, आणि मत्तयाच्या पुस्तकात तिचा नवरा होणाऱ्या योसेफालाही. ह्यांच्यातलं कुणीच निवांत बसलेलं नव्हतं हो, सगळ्यांच्या पोटात गोळा आलेला होता आणि तेव्हाच हे वचन आलं, मग तुमच्या तोंडी ते शोभणार नाही असं कसं म्हणता?

मरीयेचंच घ्या ना. तिनं आधी विचारलं, हे कसं होणार? नंतर हो म्हणाली, आणि मग घरात एकटी कुढत न बसता घाईनं डोंगराळ भागात आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे, म्हणजे त्या जखऱ्याच्या बायकोकडे निघाली, तिथं सुमारे तीन महिने राहिली. तिचं ते मोठं स्तोत्र, गर्विष्ठांची दाणादाण केली आणि भुकेल्यांना चांगल्या पदार्थांनी तृप्त केलं असं म्हणणारं, ते देवदूतासमोर नाही सुचलं तिला, अलीशिबेच्या घरी, एका बाईमाणसाजवळ मन मोकळं झाल्यावर सुचलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण विश्वास संपला का, ह्या तुमच्या प्रश्नाला मी अलीशिबेच्या मुलाकडे बोट दाखवीन. मरीयेचा आवाज ऐकून आईच्या पोटात ज्यानं उडी मारली तोच बाप्तिस्मा करणारा योहान. पुढं यार्देन नदीकाठी हजारोंसमोर त्यानं प्रभूचं नाव घेतलं, राजाला तोंडावर सुनावलं की भावाची बायको ठेवणं योग्य नाही, आणि त्यापायी तुरुंगात पडला. आता मत्तय ११ वाचा. तुरुंगातनं योहान शिष्यांना पाठवतो आणि प्रभू येशूला विचारतो, येणारा तो (म्हणजे ज्याची सगळे वाट बघत होते तो तारणारा) तूच का आम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघायची? एवढा मोठा संदेष्टा, आणि त्यालाही अंधारकोठडीत हा प्रश्न पडला!

प्रभू त्याच्यावर चिडला नाही. तुम्ही जे बघताय ऐकताय ते त्याला जाऊन सांगा म्हणाला, आंधळे बघतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवर्तमान मिळतंय. आणि निरोप घेऊन माणसं निघाल्यावर लोकांपुढं त्याच योहानाची स्तुती केली, की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत ह्याच्यापेक्षा मोठा कोणी झाला नाही. प्रश्न विचारल्या विचारल्या केलेली स्तुती आहे ही. बऱ्याच चर्चमध्ये तीन वर्षांचा शास्त्रपाठांचा क्रम असतो, त्यात एका वर्षी आगमनकाळाच्या (नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ) तिसऱ्या रविवारी मुद्दाम हाच पाठ ठेवलाय, म्हणजे नाताळच्या तोंडावर मंडळीनं ही शंका मोठ्यानं वाचायची.

आणि खरं सांगायचं तर योहान काही सुटला नाही, पुढं त्याचा शिरच्छेद झाला. म्हणून लूम परत सुरू होतील असं खोटं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही, पण तुमचा प्रश्न प्रभूपर्यंत पोचतो आणि त्यामुळं तो तुम्हाला परकं करत नाही, हे मी अगदी छातीठोक सांगते.

आता रोजचं. मरीयेची ही गोष्ट लूक १ मध्ये आहे, पण तिथं ८० वचनं आहेत, दमलेल्या जिवाला एका बैठकीत झेपत नाही, तेव्हा सध्या स्तोत्र १३ घ्या, फक्त ६ वचनं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर’ विचारलंय आणि शेवटाला गाणं आहे. शर्ट हातात असतानाच मोठ्यानं म्हणा, मिस्टरांनाही ऐकू दे, त्यांच्या मनातलंही तेच असेल. २४ च्या पाठाची एकदा मैत्रिणीसमोर प्रॅक्टिस करा. आवाज कापला तर कापू दे.

फीचं मात्र लपवू नका, पाळकांना सांगा, मंडळीत गरजूंसाठी निधी आहे का विचारा आणि कॉलेजात हप्ते मागा. ह्यात लाज कसली? बाकीच्या वाचकांनाही सांगते, लूक ३:११ मध्ये हाच योहान म्हणतो ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं नसलेल्याला एक द्यावा, अन्नाचंही तसंच. कॅरल घेऊन घरोघर जाताय तर कुठल्या घरात काम बंद आहे ते बघा आणि डिसेंबर संपायच्या आत काहीतरी करा.

प्रश्न : आगमनकाळात चर्चमध्ये चार मेणबत्त्या लावतात ते बायबलमध्ये कुठं आहे?
(कॉलेज विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : बायबलमध्ये नाही. १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवायचे, मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, म्हणून त्यांनी लाकडी चाकावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल मेणबत्त्या बसवल्या. पुढं फक्त चारच राहिल्या. घरी करायचं तर दर रविवारी मेणबत्ती लावताना यशया ९:२ वाचा, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला ते, आणि वाचायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पोराला द्या.