ऊस मधेच खुरटलाय? जिप्समची पोती उतरवण्याआधी हे वाचा

प्रश्न : चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाडकडून सारखा येतो. काळं रान, लावण एकाच दिवसाची, खत-पाणी सारखंच; तरी मधले तुकडे गुडघ्याएवढेच, पानांची टोकं करपलेली. दुकानदार एकरी 10 पोती जिप्सम आणि ‘क्षार फोडणारं’ लिक्विड घ्या म्हणतोय. टाकू का?

उत्तर : माती तपासल्याशिवाय एक पोतंही टाकू नका.

आधी रान बघा. वर पांढरी बुकणी आणि खाली माती भुसभुशीत असेल, तर जमीन खारवट. तिथं जिप्समचं काही काम नाही. चर काढून गोड्या पाण्यानं मीठ धुवायचं. काळपट तेलकट थर, दोन-तीन दिवस तुंबणारं पाणी आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळं असतील, तर चोपण, म्हणजे सोडियम वाढलेली जमीन. सामू (पीएच) 8.5 च्या वर निघाला तरच जिप्सम, तेही अहवालातल्या मात्रेनं. पहिल्या वर्षी निम्मंच टाका.

खराब आणि चांगल्या तुकड्याची माती एकत्र करू नका. दोन्हीकडचे अर्धा, एक आणि दोन फुटांपर्यंतच्या थरांचे नमुने वेगळे घ्या. बोअरचं पाणीही तपासा. 2 ईसीचं (ईसी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप) पाणी तीन इंच दिलं, की एकरात जवळजवळ 390 किलो मीठ तुम्हीच ओतता. ते खोलगट भागात आणि कालव्याच्या कडेला साठतं, म्हणून वाढ वरखाली.

दुकानदाराचं लिक्विडही घेऊ नका. एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटात साधारण 800 टन माती असते; दोन लिटर बाटली तिथं काय करणार? खुरट्या तुकड्याला जादा युरिया तर मुळीच नको. मीठ वाढतं, मुळं आणखी करपतात. पोटॅश लागलंच तर सल्फेटचं, म्युरेट नको, त्यात क्लोराइड असतं.

उभ्या उसात जिप्सम फेकू नका. खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) मोडल्यावर, एप्रिल-मेमध्ये वरच्या चार-सहा इंचात मिसळा. पण त्याआधी उताराकडे चार-पाच फूट खोल चर आणि पाणी बाहेर जायला वाट हवीच. जिप्सम मातीतला सोडियम सोडवतं. तो वाहून गेला नाही तर पैसे आणि रान दोन्ही गेलं.

नंतर धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) कराच. एकरी 20 ते 25 किलो बी, 45-50 दिवसांनी फुलोऱ्याआधी गाडा. चोपण रानाला याच्याइतकं स्वस्त औषध नाही. नंतर लावण केली तर कांडी वरंब्याच्या माथ्यावर नको, मीठ तिथंच चढतं, बगलेला लावा. पाणी थोडं आणि वेळेवर, सरी तुडुंब नको.

अनुदानाचं जिप्सम आलंय का, ते कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा. जमिनीचा उतारा, आधार आणि फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) सोबत न्या.