हातमोजे मिळून मागवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

बागकामाचे हातमोजे गटाने एकत्र मागवण्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या बागप्रेमी गटात पन्नासेक लोक आहेत. सुटे हातमोजे घेण्यापेक्षा सगळ्यांचे एकदम मागवावेत असा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

भावापासून तर नकोच. चार ठिकाणी भाव विचारून झाल्यावर लक्षात येतं, की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच हातमोजा होता. आधी प्रकार ठरवा आणि तो एकच ठरवा, फार तर दोन. पाच प्रकार ठेवलेत तर मागणी इतकी विखुरते, की घाऊक भावाला लागणारी संख्या एकाचीही भरत नाही.

रोपं लावणं, तण काढणं, कुंड्या भरणं या रोजच्या कामांना विणलेल्या अस्तरावर नायट्राइलचा, म्हणजे एका कृत्रिम रबराचा, लेप दिलेले हातमोजे बहुतेकांना चालतात. अस्तर १३ गेजचं असावं. गेज म्हणजे विणकाम यंत्रावर एका इंचात किती सुया आहेत तो आकडा. तो जितका मोठा, तितकं विणकाम बारीक. १५ गेजमध्ये बी हाताळतानाही बोटांना नीट कळतं, पण ते लवकर झिजतात. ७ गेजचे जाडजूड असतात. दगडविटा उचलायला ठीक, नाजूक रोपाला हात लावायला नाही.

लेप कुठपर्यंत आहे तेही विचारा. फक्त तळहाताला असेल तर हात घामेजत नाही, मात्र ओल्या मातीत बोटांची मागची बाजू भिजते. पाऊण लेपात बोटांची पेरं झाकली जातात. ओल्या मातीत काम करणाऱ्यांनी तोच घ्यावा. पूर्ण बुडवलेल्या हातमोज्यात पाणी शिरत नाही आणि घामही बाहेर जात नाही. लेपाचा पोत ही आणखी एक गोष्ट. गुळगुळीत लेप पाणी अडवतो, पण ओला झाला की हातातलं खुरपं निसटतं. खरखरीत लेपाची ओल्यातही पकड चांगली. फोमचा लेप हवेशीर असतो आणि त्यातून चिखलाचं पाणीही झिरपतं.

प्रकार ठरला की प्रत्येक साइजचा एकेक जोड नमुना म्हणून विकत घ्या. फुकट मागू नका. फुकटचा नमुना बहुतेकदा निवडून दिलेला असतो. एक जोड उलटा करून आतून हात फिरवा. लेप विणीतून आत उतरला असेल तर कडक, टोचरे ठिपके हाताला लागतात आणि तासभर काम केलं की त्यांनीच कातडी सोलवटते. मग तळहाताचा भाग दोन्ही बाजूंनी ताणून पाहा, लेपाला बारीक भेगा पडायला नकोत. ओल्या पांढऱ्या कापडावर घासून रंग सुटतो का तेही बघून घ्या. एक जोड कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवा. तो आकसला किंवा चिकट झाला तर तो माल सोडून द्या.

प्रश्न : साइज कशी विचारावी? सगळे "मीडियम" सांगतात.

अक्षर विचारूच नका, सेंटिमीटर विचारा. एका उत्पादकाचा मीडियम ८ नंबरचा असतो, तर बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात तोच मीडियम पुष्कळदा ७ नंबरचा निघतो.

मोजायची रीत सोपी आहे. ज्या हाताने जास्त काम करता तो हात सरळ उघडा ठेवा. अंगठा वगळून, बोटांच्या मुळाशी जिथे तळहात सर्वांत रुंद आहे तिथे टेप गुंडाळा, आवळू नका. हा घेर इंचांत जितका, साधारण तोच हातमोज्याचा नंबर. म्हणजे १७.८ सें.मी. घेर असेल तर ७, २०.३ ला ८, २२.९ ला ९ आणि २५.४ ला १०. घेर दोन नंबरांच्या मधे आला तर ताणल्या जाणाऱ्या विणीच्या हातमोज्यात लहान नंबर घ्या, चामड्याच्यात मोठा. बोटं लांब असतील तर मात्र नमुना घालूनच ठरवा. बोटाच्या टोकापुढे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा राहिली, की तेच टोक फांदीत अडकतं आणि आधी फाटतं.

मागणीच्या यादीत नाव, घेर, नंबर, किती जोड, पैसे भरल्याची तारीख आणि "एक नंबर इकडेतिकडे चालेल का" असे रकाने ठेवा. हा शेवटचा रकाना लोकांना बिनकामाचा वाटतो. पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : आमची मागणी अशी आली : ७ नंबर ३१ जोड, ८ नंबर ४४, ९ नंबर २७, १० नंबर ५, एकूण १०७. पुरवठादार १२० जोडांच्या बॉक्सवर भाव कमी करतो. बॉक्स घ्यावा का?

आधी त्याला एक गोष्ट लेखी विचारा : एकाच बॉक्समध्ये वेगवेगळे नंबर देणार का? पुष्कळ ठिकाणी १२० चा बॉक्स म्हणजे एकाच नंबरचे १२० जोड. तसं असेल तर हा भाव तुमच्यासाठी नाहीच, डझनाचा भाव विचारा.

मिसळून देत असेल तरी आतली पाकिटं साधारणपणे १२ जोडांची आणि एकेका नंबरची असतात. म्हणजे तुम्हाला दहा डझन वाटायचे आहेत. ७ चे तीन डझन, ८ चे चार, ९ चे दोन, १० चा एक अशी वाटणी केली तर ७ चे पाच उरतात, ८ चे चार उरतात, १० चे सात उरतात आणि ९ चे तीन कमी पडतात. इथे तो रकाना कामाला येतो. ९ नंबर सांगणाऱ्यांत घेर २१.६ च्या आसपास असणारे तिघे मिळाले, तर त्यांना विचारून ८ नंबर द्या. म्हणजे कोणी रिकाम्या हाताने जात नाही आणि १३ जोड शिल्लक राहतात.

या १३ जोडांचे पैसे कोणी द्यायचे हा खरा प्रश्न आहे. ते १०७ जोडांवर वाटले तर प्रत्येक जोड बॉक्सच्या भावापेक्षा १२ टक्के महाग पडतो. उलट बाजूने मांडायचं तर बॉक्सचा भाव सुट्या भावापेक्षा निदान ११ टक्क्यांनी खाली असेल, तरच तुमची बरोबरी होते. फायदा त्याच्याही पुढे सुरू होतो. त्यामुळे बॉक्स नक्की करण्याआधी "शिल्लक जोड बॉक्सच्याच भावात, कोणाला हवेत?" असं गटात विचारा. निम्मे तरी आगाऊ खपले तर बॉक्स घ्या.

दुसराही मार्ग आहे. १० नंबरचे पाच जोड बाहेरून सुटे घ्यायचे आणि तो डझन ९ नंबरचा मागवायचा. यात शिल्लक १८ वर जाते, पण ती ७, ८, ९ या चालणाऱ्या नंबरांत असते आणि पुढच्या हंगामात सहज संपते. १० नंबरचे सात जोड मात्र वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतात. गट दरवर्षी खरेदी करणार असेल तर आम्ही हा मार्ग सुचवू, एकदाच करणार असेल तर पहिला.

प्रश्न : गेल्या खेपेला माल आल्यावर आठ जणांनी "आता नको" म्हटलं. पैसे कधी घ्यावेत?

ऑर्डर देण्याआधी, पूर्ण. नाव दिलं म्हणजे मागणी झाली असं धरूच नका, पैसे जमा झाले की मागणी. एक शेवटची तारीख जाहीर करा आणि त्यानंतर नंबर किंवा संख्या बदलायची नाही हेही त्याच निरोपात लिहा. कोणी माघार घेतली तर त्यानेच आपल्या जागी दुसरा माणूस द्यावा.

वाहतूक आणि कर धरून एका जोडाला किती पडतील हे आधी काढा. वाहतूक माणशी न वाटता जोडामागे वाटा, नाहीतर एक जोड घेणाऱ्यावर सहा जोडवाल्याचा भार पडतो. थोडी रक्कम जास्त गोळा करून हिशेब झाल्यावर परत देणं सोपं जातं. मागाहून प्रत्येकाकडे चिल्लर मागत फिरण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. पैसे एकाकडे आणि यादी दुसऱ्याकडे असू द्या.

पुरवठादाराकडून दरपत्रक घेताना त्यावर मॉडेल क्रमांक, नंबरवार डझन, वाहतूक कोणाकडे, आणि खराब माल किती दिवसांत कळवायचा एवढं असलंच पाहिजे. "नायट्राइल हातमोजे, १२० जोड" एवढंच लिहिलेलं असेल तर नमुन्यापेक्षा हलका माल आला तरी तुम्हाला बोट दाखवायला जागा राहत नाही.

प्रश्न : हातमोज्यावर हातोडीचं चिन्ह आणि खाली ४१२१एक्स असं छापलं आहे. तरी गुलाबाचे काटे आत घुसतात. माल खोटा आहे का?

तेवढ्यावरून खोटा म्हणता येणार नाही. ते ईएन ३८८ या युरोपीय मानकाचे आकडे आहेत. पहिला घासून झिजण्याचा, दुसरा पात्याने कापलं जाण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. शेवटच्या जागी कापण्याच्या दुसऱ्या चाचणीचं अक्षर येतं, ए ते एफ. एक्स म्हणजे ती चाचणी केलेलीच नाही. तुमचा हातमोजा झिजेला उत्तम आहे, कारण तिथे ४ हीच सर्वांत वरची पातळी. टोचण्यात मात्र तो १ वर आहे, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर. त्या पायरीला २० न्यूटन जोर पुरतो, ४ मिळवायला १५० लागतात.

शिवाय ती चाचणी पोलादी टोच्याने होते आणि तो काट्याच्या टोकापेक्षा बराच बोथट असतो. बारीक काटा विणीच्या भोकातून सरळ आत जातो. त्यात लेप तळहाताला आणि काटे लागतात हाताच्या मागच्या बाजूला व मनगटावर. गुलाब, बोगनवेल छाटणाऱ्यांसाठी कोपरापर्यंत बाही असलेले चामड्याचे हातमोजे ही वेगळी यादी करा. शेळीचं चामडं पातळ असूनही घट्ट असतं, कात्री धरता येते. हा तुमचा "दुसरा प्रकार". त्याची मागणी थोडीच असते, म्हणून घाऊक भावाचा हट्ट इथे सोडून द्या. निवडुंगाला हात न लावता चिमटाच वापरावा.

प्रश्न : हेच हातमोजे कीटकनाशक फवारताना चालतील का?

नाही. मागचं कापड औषध शोषून घेतं आणि तुमच्या कातडीला चिकटवून ठेवतं, म्हणजे हातमोजा न घालण्यापेक्षाही वाईट. फवारणीला अस्तर नसलेले, मनगटावर चढणारे, रसायनांसाठीचे म्हणून ईएन आयएसओ ३७४ चं चिन्ह असलेले हातमोजे घ्या आणि औषधाच्या वेष्टनावर कोणते सांगितले आहेत ते वाचा. मागणीच्या निरोपातच "फवारणीसाठी नाहीत" असं ठळक लिहा. फिरत्या पात्याच्या यंत्राजवळही हातमोजे नकोत. टोक अडकलं की हात आत ओढला जातो.

प्रश्न : लॅटेक्सचे स्वस्त मिळत आहेत. घ्यावेत?

पकड छान असते, पण पन्नास जणांत एखाद्याला लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते आणि प्रत्येकाला ती माहीत असेलच असं नाही. तेल-पेट्रोल लागलं की लॅटेक्स फुगतं, सुटतं. नायट्राइल टिकतं. गटाच्या खरेदीला नायट्राइलच बरं.

प्रश्न : माल आल्यावर काय तपासावं?

वाटपाच्या दिवशी नव्हे, आल्या दिवशी उघडा. बॉक्सची पट्टी कापण्याआधी आणि नंतर फोटो काढा. पाकिटांवरचे नंबर दरपत्रकाशी जुळवा, मग प्रत्येक पाकिटातले जोड मोजा. बारा असायलाच हवेत. दोन डावे एकत्र बांधलेले, किंवा एका जोडात ८ आणि ९, हे प्रकार होतात. मनगटाच्या काठाच्या धाग्याचा रंग बहुधा नंबर सांगतो, त्यामुळे चुकलेला जोड ढिगात पटकन दिसतो. पण तो रंगसंकेत प्रत्येक उत्पादकाचा वेगळा, म्हणून आधी छापील नंबराशी ताडून घ्या. प्रत्येक पाकिटातला एक जोड घालून मूठ आवळा. बोटांच्या बेचक्यात लेप सुटलेला असेल तर तिथेच दिसतो. नमुन्यातला एक न वापरलेला जोड यासाठीच राखून ठेवायचा असतो, शेजारी ठेवून जाडी पाहता येते.

वाटताना घेणाऱ्याने तिथेच घालून बघावं आणि यादीवर सही करावी. एकदा माती लागली की बदलून मिळणार नाही, हे आधीच सांगा.

प्रश्न : उजव्या हाताचा फाटतो, डावा कोरा राहतो. काही उपाय?

लेप नसलेले, अखंड विणलेले सुती हातमोजे दोन्ही हातांत चालतात, ते आलटून पालटून घालावेत. लेपाचे मात्र हाताच्या साच्यावर बुडवलेले असल्याने उलटत नाहीत. गटात एक खोकं ठेवून उरलेले एकेरी हातमोजे नंबरवार जमा करा. डावखुऱ्यांचे उजवे उरतात, बाकीच्यांचे डावे. त्यांतून थोडे तरी जोड जमतात. शिल्लक नवे जोड उन्हापासून दूर, कोरड्या जागी, घडी न घालता सपाट ठेवा. घडीच्या रेषेवरच लेप आधी तडकतो.