घरच्या लिप बाममध्ये पेपरमिंट आणि दालचिनीचं तेल किती थेंब घालावं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. 50 ग्रॅम बामला दोन्ही तेलांचे किती थेंब, आणि बाटलीवर '100 टक्के शुद्ध, नैसर्गिक' लिहिलंय तर ओठांना चालेल ना? दुसऱ्यापासून सुरुवात करते. शुद्ध म्हणजे त्यात काही मिसळून ते पातळ केलेलं नाही, म्हणून तर ते थेंबांत मोजायचं. शिवाय बाटलीवर असं काहीही छापता येतं. मी बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच नंबर आणि मुदत बघते. 'अरोमा ऑइल' किंवा 'डिफ्युजर ऑइल' असं काही लिहिलेलं असेल तर ते खोलीत वास दरवळायला ठेवा, ओठांना नको.

उललेले ओठ बरे होतात ते मेण आणि तेला-तुपाने. पेपरमिंट-दालचिनीसारख्या इसेन्शियल ऑइलचं, म्हणजे वनस्पतीतून काढलेल्या तीव्र वासाच्या तेलाचं, काम तिथे फक्त वासाचं. म्हणून वास जेमतेम लागला की हात आखडायचा. ओठांची त्वचा पातळ, घामाचं-तेलाचं संरक्षण जवळपास नाही, आणि आपण दिवसभर ओठ चाटत असतो, म्हणजे लावलेलं थोडंफार पोटातही जातं. सुगंध उद्योगाच्या 'इफ्रा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने ओठांच्या उत्पादनांचा गट याच कारणाने वेगळा ठेवला आहे.

आता हिशोब. एकूण वजनाच्या अर्धा टक्का ही माझी मर्यादा. 50 ग्रॅमला पाव ग्रॅम, म्हणजे साधारण 5 ते 8 थेंब. एवढा फरक का, तर प्रत्येक बाटलीच्या तोंडातून पडणारा थेंब वेगळा असतो. किचनचा काटा पाव ग्रॅम नीट दाखवत नाही, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा मिळतो, तो घ्या, नाहीतर पाच थेंबांवर थांबा.

पण हा हिशोब पेपरमिंटचा. दालचिनीच्या सालीच्या तेलाला तो लावू नका! त्यातलं सिनामाल्डिहाइड त्वचेला भाजल्यासारखं करतं आणि त्याची अ‍ॅलर्जीही होते. तज्ज्ञ त्वचेसाठी त्याची मर्यादा सुमारे 0.07 टक्के धरतात. तुमच्या 50 ग्रॅममध्ये एका थेंबातच ती गाठली जाते, ओलांडलीही जाऊ शकते. 'ओठ भरीव दिसतात' म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यातला भरीवपणा म्हणजे सूज. मी हे तेल ओठांसाठी वापरतच नाही. लवंगेच्या तेलालाही त्याच कारणाने लांब ठेवते.

पुदिन्यातही एक मेख आहे. आपल्याकडे 'मिंट ऑइल' म्हणून स्वस्तात मिळतं ते बरेचदा मेंथा आर्वेन्सिसचं असतं. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला त्याची मोठी शेती होते. पेपरमिंट म्हणजे मेंथा पिपेरिटा. आर्वेन्सिसमध्ये मेन्थॉल, म्हणजे गारवा देणारा घटक, बरंच जास्त असतं, त्यामुळे तेवढ्याच थेंबांत ओठ जास्त झोंबतात. ओठ आधीच फुटले असतील तर दोन्ही नकोत. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना तर फुटलेल्या ओठांवर मेन्थॉल, कापूर, निलगिरी आणि दालचिनी, पुदिना, लिंबूवर्गीय स्वाद टाळायलाच सांगते. गार वाटलं की बरं वाटतं, म्हणून आपण पुन्हा लावतो, आणि ओठ काही सुधारत नाहीत.

लिंबू घालायचा मोह होईलच. साल दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गामॉटचं (हेही लिंबूवर्गीय फळ) तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते, काळे डाग पडतात. संत्र्याच्या तेलाला हा त्रास नाही, मात्र बाटली ताजी हवी. जुनं होऊन हवेशी संयोग झालेलं तेल अ‍ॅलर्जीला आमंत्रण देतं. लिंबाचा रस तर घालूच नका, तो मेणात मिसळतही नाही.

कृती अगदी साधी. 12 ग्रॅम मधमाश्यांचं मेण, 12 ग्रॅम कोकमाचं तेल (कोकणात घट्ट गोळा मिळतो तेच) आणि 26 ग्रॅम बदाम किंवा एरंडेल तेल, वाटीत घालून गरम पाण्यावर वितळवा. मेण 62-64 अंशांना वितळतं; इसेन्शियल ऑइल त्या कढत मिश्रणात टाकलं तर वास उडून जातो. वाटी खाली उतरवा, कडेला साय धरायला लागली की थेंब टाका, ढवळा, लगेच डब्यांत ओता. भांडी अगदी कोरडी हवीत.

तयार बाम कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. नुसतं तेल कधीच लावून बघू नका. आणि एकदा चाललं म्हणजे कायम चालेल असंही नाही. काहींना कित्येक महिने वापरल्यावर अ‍ॅलर्जी सुरू होते, आणि मग त्या पदार्थाची ती सहसा आयुष्यभर राहते. ओठांभोवती लाली, खाज, बारीक पुरळ आलं तर बाम बंद आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

घरात लहान मूल असेल तर त्याची डबी बिनवासाची काढा, थेंब टाकायच्या आधीच वेगळी. बाटल्या वरच्या फळीवर ठेवा, कारण निलगिरी किंवा कापराच्या तेलाचे काही घोट मुलाच्या जिवावर बेतू शकतात. डब्या कुणाला भेट देणार असाल तर झाकणावर तेलाचं नाव आणि तारीख लिहा, म्हणजे ज्याला पुदिना सोसत नाही तो ती उघडणारच नाही.