‘खरा खेळ’ कुठला? एका टेबलावरचं आवृत्तीभांडण

प्रश्न असा आला होता: “आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. चार वर्षं दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. मी डीएम. २०२४ची नवी पुस्तकं घेऊ या म्हटलं आणि तेव्हापासून खेळ कमी, भांडण जास्त. माझंच काही चुकतंय का? आणि खेळाच्या नियमांवरून मोठी माणसं इतकी कशी चिडतात?”

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक साहसाचा खेळ: प्रत्येक जण एकेक पात्र खेळतो, आणि डीएम म्हणजे डंजन मास्टर गोष्ट चालवतो नि नियमांचा निवाडा करतो. ओळख पटू नये म्हणून इथे कुणाचंच नाव नाही. प्रत्येकाला त्याच्या पात्रानेच ओळखू. योद्धा खेळणारा वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणतात. चोर खेळणारी हिशेबात पक्की. (पात्राच्या या प्रकाराचं इंग्रजी नाव देवनागरीत लिहिलं की ‘रोग’ होतं आणि त्यावरचा विनोद प्रत्येक मराठी टेबलावर एकदा तरी होतोच.) क्लेरिक, म्हणजे पुजारी, खेळणारा नवखा, वर्षभरापूर्वी आलेला. उरलेले दोघं वाद सुरू झाला की मोबाइलमध्ये डोकं घालणारे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं, कारण त्यावाचून पहिल्याचं सापडत नाही. या खेळात पटावर फारसं काही नसतं. खेळ चालतो तो बोलण्यावर आणि पाठ झालेल्या नियमांवर. नवी आवृत्ती आली की मेहनतीने पाठ केलेलं निम्मं गैरलागू होतं. १९७४मध्ये खेळ आला, १९८९मध्ये दुसरी आवृत्ती, २०००मध्ये तिसरी, २००३मध्ये तिचीच सुधारलेली साडेतीन, २००८मध्ये चौथी, २०१४मध्ये पाचवी. २०२४ची पुस्तकं म्हणजे पाचवीचीच सुधारणा. चौथी अनेकांना इतकी परकी वाटली, की २००९मध्ये साडेतीनचाच सांगाडा घेऊन आलेल्या पाथफाइंडरकडे ते वळले. म्हणजे भांडण नवं नाही. कुणी ‘ही आवृत्ती बाळबोध आहे’ म्हणतो तेव्हा तो बहुतेकदा काहीतरी हातातून गेल्याचं सांगत असतो, फक्त वाईट शब्दांत.

डीएमने आपल्या परीने तीन गोष्टी करून पाहिल्या होत्या. नव्या नियमांची बाजू मांडणारे दुवे ग्रुपवर टाकले, ‘वाचून या, मग बोलू’ म्हणून. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘तुला कळत नाही’ असा लागला. मग मतदान घेतलं: चार विरुद्ध दोन. मतदानाने निर्णय झाला, पण दोन माणसं हरली, आणि हरलेला माणूस पुढच्या शनिवारी प्रत्येक नियमावर हिशेब चुकता करत बसतो. तिसरा उपाय म्हणजे विनोद. दादाच्या ‘थॅको’वर, म्हणजे त्याच्या लाडक्या दुसऱ्या आवृत्तीतल्या हल्ल्याच्या आकड्यावर, सगळे हसायचे. दादाही हसायचा. पुढे तो उशिरा यायला लागला.

भेटीत डीएमला पहिलं काम दिलं ते कंटाळवाणं होतं. शेवटच्या मोठ्या भांडणातले सगळे मेसेज कागदावर उतरवायचे आणि तीन रंगांनी रेघा मारायच्या. नियमाबद्दलचं वाक्य निळ्याने: ‘पकडताना आता फासा समोरचा टाकतो.’ स्वतःच्या अनुभवाबद्दलचं हिरव्याने: ‘मला हे खेळताना मजा येत नाही.’ माणसाबद्दलचं लाल: ‘नवीन नियम आवडणाऱ्यांना डोकं चालवायचंच नसतं.’ डीएमला वाटलं होतं लाल रेघा दादाच्या वाक्यांखाली जास्त येतील. निम्म्याहून जास्त त्याच्या स्वतःच्याच निघाल्या. ‘काही लोकांना बदल झेपत नाही’ हे वाक्य दिसायला सौम्य आहे, पण लालच. ‘काही लोक’ म्हणून कुणाचं नाव टाळलं, तरी सहा जणांच्या ग्रुपमध्ये ते काही लोक कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

निळ्या रेघा मोजल्या तेव्हा खरी गोष्ट हाती लागली. त्यांतल्या बहुतेक एकाच नियमाभोवती होत्या: ग्रॅपल, म्हणजे शत्रूला धरून ठेवणं. आणि त्या लिहिणारी होती चोर.

तिचं पात्र पाचव्या पातळीचं, ताकदीचा बोनस (फाशाच्या आकड्यात मिळवायची भर) +२, प्रावीण्य +३, आणि अॅथलेटिक्स या कौशल्यात एक्स्पर्टीज, म्हणजे खास नैपुण्य, म्हणून प्रावीण्य दुप्पट. एकूण +८. अंगापिंडाने किरकोळ चोर राक्षसाएवढ्या ओगरला धरून ठेवते, यातच तिची सगळी गंमत होती. २०१४च्या नियमात दोघं फासा टाकतात: तिचा वीस बाजूंचा फासा अधिक ८, ओगरचा अधिक ४. बरोबरी झाली तर पकड बसत नाही. हिशेब केला तर तिला शंभरात ६६ वेळा यश. २०२४मध्ये तिने फासा टाकायचाच नाही. ८ अधिक ताकद २ अधिक प्रावीण्य ३, म्हणजे १३ हा आकडा ठरतो आणि ओगर ताकदीच्या +४ने तो गाठायचा प्रयत्न करतो. त्याच्या फाशावर ९ किंवा जास्त पडले की सुटला. तिचं यश ४० टक्के. एक्स्पर्टीज पकडताना कुठेच लागत नाही.

नव्या नियमाची बाजूही आहे. दोन फाशांऐवजी एक, टेबलाचा वेळ वाचतो. साडेतीनमध्ये तर आधी प्रतिस्पर्ध्याला फुकटचा वार, मग स्पर्शाचा हल्ला, मग पकडीची चुरस, एवढं सगळं असायचं. तो नियम निघाला की लोक पुस्तक उघडून बसायचे. पण चोराला नेमकं काय खटकतंय हे कुणी विचारलंच नव्हतं. ‘नवीन आवृत्ती आळशी आहे’ असं ती म्हणाली, बाकीच्यांनी आळशी या शब्दाला उत्तर दिलं, आणि ६६चे ४० झाले हे बाजूलाच राहिलं.

पुढच्या टप्प्यात भांडणाऱ्या तिघांना (डीएम, चोर, दादा) एकत्र बसवलं आणि एकच अट घातली: विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो ‘हो, हेच’ म्हणाला तरच पुढे बोलायचं. पहिला प्रयत्न साफ फसला. डीएम म्हणाला, “म्हणजे तुला म्हणायचंय की तुझी चोर सगळ्यांना लोळवत राहिली पाहिजे.” चोर म्हणाली, “बघा, हा असाच बोलतो.” ही युक्ती फसते ती इथेच. ‘म्हणजे तुला म्हणायचंय’ ही सुरुवातच टोमण्याची असते. मग अट घट्ट केली: सांगताना फक्त दोन गोष्टी, एक आकडा आणि एक इच्छा. डीएमने पुन्हा सांगितलं: “आधी सहासष्ट, आता चाळीस. तुला एक्स्पर्टीज वाया जायला नकोय.” चोर म्हणाली, “हो, हेच.” तेवढ्यावर थांबून तिने पाणी घेतलं.

उपाय तिनेच सुचवला. अॅथलेटिक्समध्ये एक्स्पर्टीज असेल तर १३ऐवजी ८ अधिक पूर्ण अॅथलेटिक्स बोनस, म्हणजे १६. ओगरला १२ किंवा जास्त हवेत. तिचं यश ५५ टक्के. फासा एकच, म्हणून डीएमही खूश. हा हाऊसरूल, म्हणजे आपल्या टेबलापुरता नियम, तीन सेशनपुरता ठरला, कार्डावर तारीख घालून. मुदत महत्त्वाची. कायमचा म्हटलेला हाऊसरूल दुसऱ्या बाजूला पराभवासारखा लागतो.

सेशन चालू असतानाच्या वादासाठी वेगळी पद्धत लागते, कारण तिथे कुणाला निवांत ऐकून घेणं शक्य नसतं. दोन्ही बाजूंनी एकेक वाक्य, डीएमचा निर्णय मिनिटभरात, वाद कार्डावर लिहून ठेवायचा आणि खेळ पुढे. पुस्तक उघडायचं ते फक्त पात्राचा जीव जाणार असेल तर. खेळ संपल्यावर पंधरा मिनिटं कार्डं काढायची. यात चुकतं ते असं, की डीएम निर्णय देतो आणि वर कारणही सांगत बसतो. कारण सांगितलं की त्याला उत्तर येतं. पहिल्या शनिवारी डीएमने हेच केलं आणि दोन कार्डं पाऊण तास चालली.

दादाचं प्रकरण मात्र नियमांनी सुटणारं नव्हतं. थॅको म्हणजे समोरच्याचा आर्मर क्लास (एसी, त्याच्या बचावाचा आकडा) शून्य असेल तर फाशावर किती पडायला हवेत, तो आकडा. थॅको १६, समोरच्याचा एसी ४: सोळातून चार वजा, १२ हवेत. तिसऱ्या आवृत्तीने एसी उलटा केला: तोच योद्धा +४, तोच शत्रू एसी १६, आणि हवेत तेच १२. गणित एकच, फक्त वजाबाकीची बेरीज झाली. चोराने हे कागदावर मांडलं तेव्हा दादा म्हणाला, “हे मला वीस वर्षांपूर्वीच कळलंय गं. मला वजाबाकी आवडते.” यावर वाद घालण्यासारखं काही नाही. ते हिरवं वाक्य आहे. हिरव्या वाक्याला पुरावा मागायचा नसतो आणि खोडूनही काढायचं नसतं. ‘थॅको’वरचे विनोद त्या दिवसापासून बंद, एवढंच ठरलं.

सगळ्यांत जास्त नुकसान झालं होतं ते न भांडणाऱ्याचं. क्लेरिकने २०१४च्या पुस्तकांनी सुरुवात केलेली. ‘खरा खेळ दुसऱ्या आवृत्तीबरोबर संपला’ हे त्याने दादाकडून इतक्यांदा ऐकलं, की आपण खोटाच खेळ खेळतोय अशी त्याची समजूत झाली आणि तो सोडून जायच्या बेतात होता. डीएमच्या हे लक्षातही आलं नव्हतं, कारण लाल रेघांत क्लेरिकचं एकही वाक्य नव्हतं. म्हणून ‘खरा’ हा शब्द कार्डावर वेगळा लिहिला गेला: टेबलावर वापरायचा नाही. दादाने पहिल्याच दिवशी तो दोनदा वापरला, आणि दोन्ही वेळा क्लेरिकनेच बोट वर केलं.

टेबल शेवटी एकसंध राहिलं नाही. दादाने शनिवारचा खेळ सोडला आणि महिन्यातून एक रविवार दुसऱ्या आवृत्तीचं स्वतःचं टेबल मांडलं. चोर आणि क्लेरिक दोन्हीकडे जातात. डीएम तिथे साधा खेळाडू असतो: पहिल्या पातळीचा योद्धा, थॅको २०. पहिल्याच लढाईत गॉब्लिनचा एसी ६ ऐकून त्याने सवयीने बेरीज केली आणि “सव्वीस? लागणारच नाही मग,” म्हणाला. दादाने चौदा सांगितलं आणि फासा त्याच्यापुढे सरकवला.