रागाच्या आधीची खूण

प्रश्न : भांडण सुरू झालं की माझं भान सुटतं. नवऱ्याला नको ते बोलून जाते आणि नंतर रडत माफी मागते. बदलायचंय, पण त्या क्षणी काही सुचतच नाही.

उत्तर : त्या क्षणी सुचणं अवघडच असतं. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचे वाद त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांसह नोंदवले. ते सांगतात, ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं कानावर पडतं, पण डोक्यात शिरत नाही. म्हणून ओळखायची ती आधीची खूण. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात. तुमचं काय होतं? पुढच्या वेळी फक्त एवढंच बघा. खूण सापडली की एरवी शांत असताना नवऱ्याला सांगून ठेवा, "माझे कान तापले की मी उठून जाईन, अर्ध्या तासात परत येईन." शरीर निवायला निदान २० मिनिटं लागतात. परत येण्याचं मात्र नक्की सांगा. नाहीतर मागे राहिलेल्याला वाटतं, आपल्याला टाकून गेली. आणि त्या वेळात 'आता काय सुनावू' याची उजळणी नको. परतल्यावर "तू कधीच ऐकत नाहीस" असं न म्हणता "मी बोलताना तू फोन बघत होतास, मला फार एकटं वाटलं" असं म्हणून बघा. रागाच्या तळाशी हे एकटेपण आहे, हे आधी तुमचं तुम्हाला कळायला हवं. मग ते ओठांवर येतं.

प्रश्न : रोज रात्री मी स्वतःचं परीक्षण करतो. 'मी असा का?' हे शोधता शोधता आणखीच खचतो.

उत्तर : याला परीक्षण नका म्हणू, हा रवंथ आहे. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी याच सवयीचा अनेक वर्षं अभ्यास केला. मन असं तेच ते घोळत राहिलं की नैराश्य वाढतं आणि लांबतं. 'का'ला तळ नसतो. त्यापेक्षा विचारा : आज काय झालं, मला काय वाटलं, आता काय हवंय? 'मी नालायक आहे' हा निकाल झाला. 'माझी चूक सगळ्यांसमोर काढली गेली, मला लाज वाटली' ही माहिती झाली. माहिती हाती असली की पुढचं पाऊल टाकता येतं.

प्रश्न : आई जाऊन आठ महिने झाले. कुणाशी बोलवत नाही. मनातलं लिहून काढल्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर : अनेकांना पडतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या घटनांबद्दल लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. लिहून उठल्यावर लगेच मात्र त्यांना जास्त उदास वाटलं होतं, तेव्हा पहिल्या दिवशी रडू आलं तर घाबरू नका. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका. आईवरचा राग आला तर तोही लिहा. दुःखात तो असतोच. लिहिणं झेपेनासं झालं तर थांबा. झोप, भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून आजच डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : लोक मला फटकळ म्हणतात. मला तसं अजिबात वाटत नाही.

उत्तर : आपली काही बाजू इतरांनाच दिसते. विश्वासातल्या एकाच माणसाला विचारा, "माझं कोणतं वाक्य तुला लागलं?" उत्तर मिळालं की सफाई देऊ नका. नुसतं ऐकून घ्या.